कानावर घातलेली गोष्ट

"ताई, एक गोष्ट कानावर घालायची होती," हमीदभाई म्हणाले आणि मी आधी घड्याळाकडे बघितलं.

मंगळवारचे पाच वाजत आले होते. पाच-दहाला कंपनीची बस सुटायची आणि ती चुकली की भोसरीच्या नाक्यापर्यंत धूळ खात चालावं लागायचं. हमीदभाईंच्या हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला ब्लॉक होता. साबणाच्या वडीएवढा, मधाच्या रंगाचा, दोन्ही टोकांना एकेक लाल तार बाहेर आलेला. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, पण फडक्यावरचा हात काढला नाही.

"बोला की."

"शनिवारी ओतत होतो. रेझिन निम्मं पडलं आणि लाइट गेली. पंप बंद. दोन-तीन मिंटं असतील. लाइट आली तसा लगेच चालू केला, पुढचं सगळं नीट झालंय. वरनं बघाल तर नुसती काच. पर ह्या तारंच्या बुडाशी..." त्यांनी करंगळीनं जागा दाखवली. "हितं हवा राहिली असंल. दिसत न्हाई. पर मला वाटतंय."

"बरं."

"मोठी बैठक द्या त्याला. गुरुवारी. कायबी बोललं तर मी दुसरा ओततो. साचा तयार करून ठेवलाय."

"बघते मी," असं म्हणून मी पर्स उचलली.

एवढंच बोलणं झालं. एक मिनिटही लागलं नसेल. पण त्यानंतर मी ते इतक्या वेळा मनात ऐकलं आहे, की त्यांच्या करंगळीच्या नखावर रेझिनचा वाळका ठिपका होता हेसुद्धा आज सांगू शकते.

ही गोष्ट १९९५ सालच्या मार्चमधली. मी सत्तावीस वर्षांची होते आणि एका खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत वीज बाहेर फुटू न देणाऱ्या आवरणांच्या चाचण्या घ्यायचे. हमीदभाई मणेर पॉटिंगचे कारागीर. विजेचे सुटे भाग साच्यात मांडायचे, पंपानं हवा ओढून घेत त्यांच्यावर रेझिन ओतायचं आणि सगळ्याचा एकजीव ठोकळा करायचा, हे त्यांचं काम. मूळचे मिरजेचे, वय पंचेचाळिशीच्या आसपास, आणि हात असा की आमचे रेगेसाहेब, जे स्वतःच्या मुलाचंही कौतुक करत नसत, ते म्हणायचे, "हमीदनं ओतलेलं तपासायचं ते केवळ रीत म्हणून."

तपासायचं काय, तर किडा. आवरणाच्या पोटात हवेचा बारीकसा बुडबुडा राहिला, तर व्होल्टेज चढवल्यावर त्यात एक ठिणगी पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. आवरण त्यानं फुटत नाही, आतून थोडंसं जळतं. मग पुन्हा थोडं. असं करत करत एक दिवस आरपार जातं. पुस्तकात याला आंशिक विद्युत विसर्जन म्हणतात. आम्ही 'किडा' म्हणायचो, आणि पडद्यावर त्याचे ठिपके उमटले की म्हणायचो, "ब्लॉक बोलला." न बोलणारा ब्लॉक चांगला. माणसांच्या बाबतीतही तेव्हा माझं हेच मत होतं.

हवा विरळ झाली की किडा जास्त माजतो. जमिनीवर हवेची गर्दी असते. भर बाजारात कुणी पळत सुटलं तर दोन पावलांत कुणावर तरी आपटतं, त्याला वेग धरता येत नाही. गर्दी पांगली की मात्र पळायला मोकळं रान मिळतं. म्हणून खूप उंच जाणाऱ्या वस्तूंची चाचणी आम्ही बंद टाकीत, हवा काढून घेऊन करायचो. त्या टाकीला सगळे 'हंडा' म्हणत.

हा ब्लॉक फार उंच जायचा होता, पस्तीस किलोमीटर. डॉ. शरयू बेहेरे नावाच्या एक शास्त्रज्ञ बाई होत्या. आकाशातून येणारे क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते मोजणारं यंत्र मोठ्या फुग्याला बांधून वर सोडायचं, यावर त्यांनी बारा वर्षं घालवली होती. त्या यंत्राला दोन हजार व्होल्ट लागायचे आणि ते देणारा हा ब्लॉक. फुगा दक्षिणेतल्या एका तळावरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उडायचा. नंतर वरचे वारे फिरतात आणि हंगाम संपतो. जूनमध्ये बाई निवृत्त होणार होत्या. म्हणजे उड्डाण एकच. हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं, कारण बाई दर दोन दिवसांनी फोन करून अतिशय नम्रपणे विचारायच्या, "घाई करत नाहीये हं मी, पण कुठवर आलंय?"

आता 'कानावर घालणं' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे.

प्रत्येक ब्लॉकबरोबर एक कार्ड यायचं. त्यावर 'शेरा' असा रकाना होता. ओतताना काही बिनसलं तर तिथं लिहायचं, हा नियम. पण रेगेसाहेबांचा दुसरा नियम असा, की शेरा असलेला ब्लॉक चाचणी न घेताच बाद. रेझिन परदेशातून यायचं, एक ब्लॉक व्हायला चार दिवस लागायचे. त्यामुळे शेऱ्याचा रकाना कुणी भरतच नसे. त्याऐवजी कारागीर चाचणी घेणाऱ्याच्या कानावर घालायचे. मग आम्ही त्या ब्लॉकला मोठी बैठक द्यायचो. म्हणजे एरवी पस्तीस किलोमीटरच्या विरळ हवेत अर्धा तास ठेवायचा, तो सहा तास ठेवायचा; कारण आत अडकलेली हवा तारेच्या कडेनं हळूहळू बाहेर झिरपते आणि खरा किडा उशिरा बोलायला लागतो. आणि हे गुरुवारीच करायचं. गुरुवारी सगळ्या औद्योगिक वसाहतीला सुट्टी, आमची मात्र रविवारी. आजूबाजूची यंत्रं, मोटारी, वेल्डिंग, सगळं थंड. इतर दिवशी त्यांच्या ठिणग्या आमच्या पडद्यावर ठिपके होऊन उमटायच्या आणि कुठला आतला, कुठला बाहेरचा हे कळायचं नाही.

कागदावर काही नाही, सगळं तोंडी. पण माझ्या चार वर्षांत एकदाही कानावर घातलेली गोष्ट वाया गेली नव्हती. त्या भरवशावर कारागीर निर्धास्त असायचे.

मी त्या ब्लॉकची चाचणी गुरुवारी घेतली नाही. बुधवारी घेतली, आणि अर्ध्या तासाची घेतली.

सकाळी अकराला ब्लॉक हंड्यात बसवला, पंप लावला. हवेचा काटा सावकाश खाली आला. व्होल्टेज चढवलं. पहिली वीस मिनिटं पडदा स्वच्छ होता. मला वाटलं, सुटले. एकविसाव्या मिनिटाला एक ठिपका आला. मग बराच वेळ काही नाही. मग तीन, लागोपाठ. अर्धा तास संपला तेव्हा एकूण अकरा ठिपके झाले होते. चारपर्यंत चालतात, त्यावर ब्लॉक नापास; फक्त ठिपके बाहेरच्या कारणानं आले असतील तर सोडून द्यायचे.

आमच्या भिंतीला लागून एक लोखंडी दारं-खिडक्या बनवणारी शेड होती. तिथं दिवसभर वेल्डिंग चालायचं.

मी उठले, खिडकी उघडली, बघितलं, खिडकी लावली. परत येऊन बसले आणि अहवालात लिहिलं, 'शेजारील वेल्डिंगमुळे आलेले अकरा ठिपके वगळले. ब्लॉक योग्य.' खाली सही केली. दुपारी ब्लॉक खोक्यात बंद होऊन रवाना झाला.

जेवणाच्या सुट्टीनंतर हमीदभाई दारात आले. "बसवला का ताई, उद्यासाठी?"

"झालीसुद्धा चाचणी. पास आहे."

"आजच? मोठी बैठक?"

"काही बोलला नाही तो, हमीदभाई. उगाच काळजी करता तुम्ही."

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "मग माझाच वहीम असंल," ते हसत म्हणाले. "बरं झालं बाई. चार रात्री झोप न्हवती." आणि खरंच हलक्या पावलांनी गेले.

फुगा ठरल्या दिवशी पहाटे उडाला. पावणेदोन तासांत वर पोचला. यंत्र सुरू झालं, आकडे यायला लागले. तळावरून बेहेरेबाईंनी रेगेसाहेबांना फोन केला, तेव्हा त्यांना आनंदानं नीट बोलता येत नव्हतं म्हणे. चाळीस मिनिटांनी व्होल्टेज थरथरायला लागलं आणि पाच मिनिटांत कोसळलं. त्यानंतर सहा तास फुगा ते मुकं यंत्र घेऊन आकाशात फिरत राहिला. खाली उतरवायची घाई करून तरी काय करणार!

पंधरा दिवसांनी रेगेसाहेबांच्या केबिनमध्ये चौघं बसलो. साहेब, बेहेरेबाई, हमीदभाई आणि मी. टेबलावर मधोमध कापलेला ब्लॉक होता. तारेच्या बुडाशी, हमीदभाईंनी करंगळी ठेवली होती नेमक्या त्याच जागी, झाडाच्या मुळ्यांसारखी काळी रेघ पसरली होती.

मला वाटलं होतं बाई चिडतील. रडल्या तरी बरं, असंही वाटलं होतं. त्या चिडल्याही नाहीत आणि रडल्याही नाहीत. त्यांनी तो तुकडा उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "केवढीशी आहे हो." मग माझ्याकडे वळल्या. "मला तुमच्यातलं फारसं कळत नाही. पण हे अकरा ठिपके... वेल्डिंग चालू आहे का, हे तुम्ही तेव्हा बघितलं होतं का?"

"हो," मी म्हणाले. "खिडकी उघडून बघितलं होतं."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमच्याकडून केलंत."

रेगेसाहेबांनी लगेच पुस्ती जोडली. "सरपोतदार बाई फार काटेकोर आहेत. चाचणीत प्रश्न नाही. प्रश्न ओतण्यात आहे." आणि ते हमीदभाईंकडे वळले. "काय झालं होतं रे?"

हमीदभाई खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी सरळ सांगितलं. लाइट गेली होती, पंप बंद पडला होता, तारेच्या बुडाशी हवा राहिल्याचा संशय होता.

"मग कार्डावर शेरा का नाही?"

"साहेब, ताईंच्या कानावर घातलं होतं. मंगळवारी, ब्लॉक देतानाच."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. हमीदभाईंनी मात्र बघितलं नाही. त्यांना त्याची गरजच वाटली नाही. चार वर्षं ज्या माणसाच्या कानावर गोष्टी घातल्या, ते माणूस आता "हो, घातली होती" म्हणणार, यात त्यांना शंकाच नव्हती.

"सरपोतदार बाई? तुम्हाला सांगितलं होतं यानं?"

"मला..." मी म्हणाले, "मला तसं काही आठवत नाही, सर."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा कसा होता हे मी पुढे कितीतरी वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेनं वाचलं. आधी वाटलं तो राग होता. मग वाटलं तिरस्कार. काही वर्षं मी स्वतःला समजावलं, की ती क्षमा होती. हमीदभाईंनी मला लहान बहीण समजून पदरात घेतलं. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "आठवत न्हाई म्हणतायत तर... मग सांगितलं नसंल मी."

बैठक तिथंच संपली. हमीदभाईंना पॉटिंगवरून काढून माल बांधायच्या विभागात टाकलं. बेहेरेबाई जूनमध्ये निवृत्त झाल्या. ऑगस्टमध्ये मी अमेरिकेला गेले.

आता खिडकीतून काय दिसलं ते सांगते. शेडमधली सगळी माणसं बाहेर निलगिरीखाली डबे उघडून बसली होती. एक जण आडवा झाला होता, तोंडावर टोपी घेऊन. वेल्डिंगचं यंत्र बंद होतं. अजून एक साधी परीक्षा करता आली असती. व्होल्टेज शून्यावर आणायचं आणि दहा मिनिटं बसायचं. तरीही ठिपके येत राहिले तर बाहेरचे, थांबले तर आतले. ती मी केली नाही. उत्तर नको असलं की आपण प्रश्न विचारत नाही.

आणि उत्तर का नको होतं, तर गुरुवारी सकाळी साडेआठला मुंबईत माझी व्हिसाची मुलाखत होती. ऑफिसमध्ये कुणालाही मी शिष्यवृत्तीचं सांगितलं नव्हतं. साहेब अडकवून ठेवतील अशी भीती. आजारपणाची रजा टाकून जायचं ठरवलं होतं. ब्लॉक बोलला असं लिहिलं असतं, तर बाद करण्याआधी खात्रीसाठी गुरुवारी मोठी बैठक घ्यावी लागली असती, आणि ती घेणारी मी एकटीच होते. मुलाखत पुढे ढकलता आली असती का? आली असती. मी विचारलंही नाही. एवढ्यासाठी त्या बाईंची बारा वर्षं गेली. हे सगळं मला अहवालावर सही करतानाच ठाऊक होतं, फक्त मी ते असं सलग मांडलं नव्हतं.

तिकडे जाऊन मी आवरणांतल्या विसर्जनावरच पीएच.डी. केली. हसायला हरकत नाही. पुढे शिकवायलाही लागले. माझ्या प्रयोगशाळेत व्होल्टेज शून्यावर आणल्याशिवाय कुणी एकही ठिपका वगळू शकत नाही. विद्यार्थी म्हणतात बाई फार कडक आहेत. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, हे त्यांना इंग्रजीत कसं सांगणार!

बेहेरेबाई २००८मध्ये गेल्या. बातमी इंटरनेटवर चार ओळींत वाचली. त्यांना लिहायचं पत्र माझ्याकडे तीन वेळा अर्धं लिहून तयार होतं.

चोवीस वर्षांनी, २०१९च्या डिसेंबरात, रेगेसाहेबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पुण्यात गेले. साहेब व्हीलचेअरवर, पण डोकं लख्ख. जुन्या लोकांच्या गप्पा निघाल्या. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "हमीदभाई कुठे असतात हो?"

"मिरजेला गेला परत. विचित्र माणूस. मी वर्षभरानं त्याला पुन्हा पॉटिंगवर घ्यायला निघालो होतो, तसा हात कुणाचा नव्हता. पण तो तयारच होईना. हात जोडून म्हणाला, मला नको साहेब, दुसऱ्याला द्या. का, ते सांगितलं नाही. शेवटपर्यंत खोकी बांधत राहिला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी मिरजेला निघाले. वाटेत एक वाक्य पाठ केलं, 'मला तेव्हाही आठवत होतं.' चार शब्द. त्याच्या आधी-नंतर काही नको, कारणं नकोत, व्हिसा नको. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. किर्लोस्करवाडी मागे पडेपर्यंत ते वाक्य मी पुटपुटत होते. समोरच्या बाईंना वाटलं मी जप करतेय. त्यांनी आदरानं पाय आखडून घेतले.

घर शोधायला वेळ लागला नाही. दर्ग्याच्या मागच्या गल्लीत, निळ्या दाराचं. हमीदभाई ओसरीत खाटेवर बसले होते. दाढी पांढरी, अंगानं निम्मे झालेले, पण मला बघताच उठले. "ताई? सरपोतदार ताई? या, या की! अमेरिकेहून आला?" राग, तिरस्कार, क्षमा, यातलं काहीच त्या चेहऱ्यावर नव्हतं. नुसता आनंद होता आणि थोडी गडबड. सुनेला हाक मारून चहा टाकायला लावला. मला खुर्ची दिली, तिच्यावर उशी ठेवली.

मी बसले. धीर होता तोवर बोलून टाकावं म्हणून चहाचीही वाट बघितली नाही.

"हमीदभाई, तो फुग्याचा ब्लॉक. तुम्ही मला सांगितलं होतंत."

"काय सांगितलं होतं?"

"पंप बंद पडल्याचं. मंगळवारी, पाच वाजता. तारेच्या बुडाशी हवा असेल म्हणालात. मोठी बैठक द्या म्हणालात. साचा तयार आहे म्हणालात."

"मी सांगितलं होतं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

ते आत तोंड करून मोठ्यानं त्यांच्या दख्खनीत बायकोला हाका मारायला लागले. जैतूनभाभी पदराला हात पुसत घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या.

"परत सांगा ताई," हमीदभाई म्हणाले. "मोठ्यानं सांगा, हिला कमी ऐकू येतं. सून कुठं हाय? तिला बी बोलवा."

मी परत सांगितलं, मोठ्यानं. मंगळवार, पाच वाजता, पंप, तार, साचा. जैतूनभाभींनी ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"ऐकलंस? मी सांगितलं होतं!" हमीदभाई रडत होते आणि हसत होते. "डोकं ठिकाणावर होतं माझं!"

मला काही कळेना. मग भाभींनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात. "तवापासनं यांचा स्वतःवरचा भरवसाच गेला बघा. घरी येऊन म्हणाले, मला सांगितल्याचं लख्ख आठवतंय, पर ताई खोटं बोलायच्या न्हाईत. म्हंजे माझंच डोकं फिरलंय. ओतायचं काम परत देत होते साहेब, घेतलं न्हाई. म्हणायचे, मी काय केलं न् काय न्हाई ते मलाच कळत न्हाई, उद्या कुणाचा जीव घेईन. कुलूप लावलं की तीनदा परत जाऊन बघायचे. नमाजात रकात किती झाल्या त्याचा संशय, मग पुन्हा पहिल्यापासनं. नातवाला शाळेत सोडायला कधी एकटं न्हाई गेले. वाटंत इसरीन कुठंतरी, म्हणायचे."

म्हणजे त्या दिवशी केबिनमध्ये त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यात माझ्याबद्दल काहीच नव्हतं. ते स्वतःला तपासत होते. मी चोवीस वर्षं त्या नजरेत स्वतःला शोधत राहिले, आणि त्या माणसानं मला खोटं ठरवण्याऐवजी स्वतःला वेडं ठरवलं होतं. लाज वाटली, असं लिहायला सोपं आहे. मला त्या खुर्चीवरच्या उशीचीसुद्धा लाज वाटली.

सुनेनं चहा आणला. हमीदभाईंनी पंच्यानं डोळे पुसले आणि कप स्वतः माझ्या हातात दिला. त्यांना आता माझीच काळजी वाटायला लागली होती.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका ताई. तुमच्या मागं कामाचा केवढा रगाडा. दिवसाला धा माणसं काय काय कानावर घालणार, एखादं राहतंच. तुम्ही इसरला, आणि मला वाटलं मी सांगितलंच न्हाई. दोघांचं बी चुकलं न्हाई. आणि आठवल्याबरोबर एवढ्या लांबनं आलात, कोण येतंय हो?" ते बायकोकडे वळले. "बघ. एवढ्या शिकलेल्या बाई, त्या बी इसरतात. आणि मला तुम्ही नावं ठेवताय."

सून हसली. जैतूनभाभी हसल्या नाहीत. त्या खालून माझ्याकडे एकटक बघत होत्या.

पाठ केलेलं वाक्य अजून माझ्याजवळ होतं. चारच शब्द. ते म्हटलं तर या माणसाला आत्ता जे परत मिळालं त्याला धक्का लागेल, असं मी मनात म्हणाले. पण ते खोटं होतं. धक्का मला लागणार होता.

"कधी आठवलं हो ताई?" हमीदभाईंनी लहान मुलासारखं पुढं वाकून विचारलं. "असं एकदम, मधूनच?"

"परवाच," मी म्हणाले.